फट दाखवणाऱ्याचा हेतू बघायचा की फट?

कर्दळ

गेली चौदा वर्षं मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात आहे. बँकेचं नाव लिहीत नाही. लिहायचं आहे ते दोन मेलांबद्दल, आणि त्यातून मनात जो गुंता झालाय त्याबद्दल. इथे या क्षेत्रातली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतोय.

पहिला मेल २०१९ मधला. इंग्रजीत, खाली सही 'सिक्युरिटी रिसर्चर'. तुमच्या संकेतस्थळात अतिगंभीर दोष सापडलाय, बक्षीस किती देता ते आधी कळवा, मग तपशील देतो. मेल थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना गेला होता. त्यांचा मला रात्री साडेनऊला फोन. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला होऊन तीन दिवसांत ९४ कोटी गेले होते. त्यानंतर सहकारी बँकांत 'हॅक' हा शब्द नुसता कानावर पडला तरी पोटात गोळा यायचा. बँकेने त्या माणसाला वीस हजार पाठवले. बदल्यात आलं काय, तर तुमच्या डोमेनला डीमार्क नोंद नाही. म्हणजे आमच्या नावाने कोणी खोटा मेल पाठवला तर त्याचं काय करायचं, ही सूचना समोरच्या सर्व्हरला आमच्याकडून मिळत नव्हती. ती असायला हवी होती, मान्य. पण कुठल्याही फुकट तपासणीच्या साइटवर डोमेनचं नाव टाकलं की दहा सेकंदांत हे दिसतं. पुढे कळलं, नावं बदलून तोच मजकूर आसपासच्या चार बँकांना गेला होता.

दुसरा मेल २०२१ मधला. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, इंग्रजी मोडकंतोडकं, पैशांचा उल्लेख कुठेच नाही. त्याच्या आजोबांचं खातं आमच्याकडे. नेट बँकिंगवर खातेउतारा उघडल्यावर वरच्या पत्त्यातला आकडा एकने बदलला की दुसऱ्याच खातेदाराचा उतारा दिसतो, असं त्याने लिहिलं होतं. सोबत स्क्रीनशॉट, त्यातलं नाव आणि रक्कम काळी केलेली. मी मेल वाचला आणि 'आला अजून एक' म्हणून बाजूला टाकला. त्याने पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा एका संचालकांनाही पाठवलं. संचालकांनी तो वकिलांकडे दिला आणि वकिलांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं घालून मुलाला नोटीस काढली. चार दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला, तो मीच घेतला. पोराचं शेवटचं वर्ष आहे, तो परत असं करणार नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

सात महिन्यांनी बाहेरच्या ऑडिटरनी तीच फट शोधली. अहवालात ती पहिल्या क्रमांकावर होती.

'हा माणूस हे का सांगतोय?' हा प्रश्न मी दोन्ही वेळा स्वतःला विचारला होता. पहिल्या वेळी उत्तर चुकलं, दुसऱ्या वेळीही चुकलं. तर मग हा प्रश्न विचारायचाच नाही का? आणि त्याऐवजी विचारायचं तरी काय?

निशिगंधा

कर्दळ, इतकं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी पुण्यात पेनटेस्टिंग करते, म्हणजे मालकाच्या परवानगीने यंत्रणेतल्या फटी शोधते, नऊ वर्षं झाली.

पहिल्या प्रकाराला आमच्यात 'बेग बाउंटी' म्हणतात, म्हणजे भीक मागितल्यासारखं मागितलेलं बक्षीस. स्कॅनर लावायचा, जे लाल दिसेल ते 'क्रिटिकल' म्हणून हजार ठिकाणी पाठवायचं, दहा जण घाबरून पैसे देतात. आमच्या कामाला याने फार मोठा डाग लावलाय. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. 'सिक्युरिटी रिसर्चर' मात्र कोणीही सहीखाली लिहू शकतो. त्यामुळे त्या दोन शब्दांवरून काहीच ठरवू नका, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

बघायचं ते एवढंच, की त्याने दिलेल्या पायऱ्या तुम्ही तुमच्या टेबलावर बसून करून पाहू शकता का. तुमच्या पहिल्या मेलमध्ये पायऱ्याच नव्हत्या, आधी पैसे. दुसऱ्यात एकच पायरी होती, आकडा एकने बदला. स्वतःच्या खात्याने लॉगिन करून ते करून बघायला किती वेळ लागला असता?

कर्दळ

अर्धा मिनिट.

परखड_पाटील

निशिगंधा, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण तुम्ही चित्र फार सोज्ज्वळ रंगवताय. हा सगळा भीतीचा व्यापार आहे, आणि तो छोट्या मेलवाल्यांपुरता नाही.

१२ ऑक्टोबर २०२० आठवा. मुंबईत सकाळी दहाच्या सुमाराला वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे दिवस, रुग्णालयं जनरेटरवर. पुढे साडेचार महिन्यांनी रेकॉर्डेड फ्यूचर नावाच्या अमेरिकी कंपनीचा अहवाल येतो की चिनी गटाने भारताच्या वीज यंत्रणेत शिरकाव केलाय, आणि जगभर मथळे होतात की मुंबईचा अंधार चीनने केला. ही कंपनी विकते काय? धोक्याची माहिती, वर्गणी घेऊन. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांत कोण होतं? सीआयएशी जोडलेली इन-क्यू-टेल. २०२४ मध्ये मास्टरकार्डने ती २.६५ अब्ज डॉलरला घेतली. रोग आहे असं सांगणारा आणि औषध विकणारा एकच असेल तर मी त्याच्या निदानावर का विश्वास ठेवू?

अजून एक. मार्च २०१८, सीटीएस लॅब्स ही इस्रायलची कंपनी. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये १३ त्रुटी सापडल्या म्हणून जाहीर केलं, आणि एएमडीला आधी अवधी किती दिला, तर २४ तास. त्यांच्याच साइटवर लिहिलं होतं की ज्या कंपन्यांबद्दल आम्ही लिहितो त्यांच्या शेअरमध्ये आमचे आर्थिक हितसंबंध असू शकतात. त्याच दिवशी व्हाइसरॉय रिसर्च हा शेअर पडण्यावर पैसे लावणारा गट एएमडीचा मृत्युलेख छापतो. याला संशोधन म्हणायचं?

तारांवरचा

पाटील, मुंबईच्या अंधाराबद्दल मी बोलतो. वीज पारेषणात ३३ वर्षं काढली, त्या दिवशी निवृत्त होतो, पण सकाळपासून जुने सहकारी फोनवर होते.

मुंबईला बाहेरून जी वीज येते तिचा मोठा वाटा कळवा, पडघा, खारघर या बाजूच्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरून येतो. त्यातली एखादी दुरुस्तीला बंद असली की तिचा भार बाकीच्यांवर चढतो. त्यात आणखी एक ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की उरलेल्या भार झेपेना म्हणून एकामागून एक सुटतात. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या जाळ्यातून तुटून ट्रॉम्बे आणि डहाणूच्या स्वतःच्या विजेवर तग धरायचा, याला आयलँडिंग म्हणतात. त्या दिवशी ते टिकलं नाही. हे सगळं घडायला चीनची गरज नव्हती. आम्ही मंडळी हे आधीपासून बोलत होतो.

आता तुम्ही ज्या अहवालाला दोष देताय तो मी मुद्दाम उघडून वाचला, मुलीकडून समजून घेत घेत. त्यात म्हटलंय की दहा वीज संस्था, त्यात पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं, आणि दोन बंदरं लक्ष्य होती, मालवेअरचं, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचं, नाव शॅडोपॅड. आणि मुंबईच्या अंधाराशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात स्पष्ट लिहिलंय! संबंध जोडला तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी. मग १ मार्च २०२१ ला आपले तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा दाखला देऊन घातपाताची शक्यता सांगितली, १४ ट्रोजन (छुपे घातक प्रोग्रॅम), ८ जीबी माहिती वगैरे. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, चूक माणसांची होती.

चीन म्हटलं की राज्याच्या वीज कंपन्यांवरचं बालंट जातं, मानवी चूक म्हटलं की ते त्यांच्यावरच राहतं. हेतू शोधायचा तर तो फक्त अहवाल लिहिणाऱ्याचाच का शोधता? त्याचा हवा तसा वापर करणाऱ्यांचाही शोधा.

परखड_पाटील

काका, मूळ अहवाल मी वाचला नव्हता, बातमीच वाचली होती. तेवढं मागे घेतो. वर्गणी विकणाऱ्याचं हित भीती वाढण्यात असतं, हा मुद्दा मात्र सोडत नाही.

निशिगंधा

सोडूही नका, तो खराच आहे. फक्त सीटीएस लॅब्सची गोष्ट पुरी सांगा. आम्ही सगळे तेव्हा चिडलो होतो, २४ तासांच्या अवधीवर तर फारच. गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा त्रुटी शोधणारा गट जाहीर करण्याआधी साधारण ९० दिवस देतो आणि तेही कंपन्यांना कमी वाटतात. पण आठवड्याभरात एएमडीनेच कबूल केलं की त्रुटी आहेत, दुरुस्त्या देऊ. त्या वापरायला आधी त्या यंत्रावर ॲडमिनचे अधिकार लागतात, त्यामुळे बोभाटा झाला तेवढी ती आग नव्हती. म्हणजे हेतू संशयास्पद, गाजावाजा अवाजवी आणि तरीही त्रुटी खऱ्या. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे स्वीकारायला मला बरीच वर्षं लागली.

स्पंदन

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या हृदय विभागात, तंत्रज्ञ आहे. पेसमेकर बसवलेल्या रुग्णांची तपासणी रोजची. निशिगंधाताई म्हणतात त्याचं याहून कठीण उदाहरण माझ्या कामातलं आहे.

ऑगस्ट २०१६. मेडसेक नावाच्या छोट्या कंपनीला सेंट ज्यूड मेडिकलच्या पेसमेकर यंत्रणेत त्रुटी सापडल्या. रुग्णाच्या घरी उशाशी एक डबा ठेवलेला असतो, तो पेसमेकरशी बोलून माहिती दवाखान्यात पाठवतो. त्याच्यामार्फत पेसमेकरमध्ये शिरता येईल, असा त्यांचा दावा. त्यांनी हे उत्पादकाला सांगितलं नाही. मडी वॉटर्स या शेअर पडण्यावर पैसे लावणाऱ्या संस्थेला सांगितलं, आधी डाव लावला आणि मग जाहीर केलं. शेअर त्या दिवशी सुमारे पाच टक्क्यांनी पडला आणि यांना त्यात वाटा.

मला आजही याचा संताप येतो. ज्याच्या छातीत ते यंत्र आहे त्याने सकाळी बातमी वाचायची आणि दिवसभर स्वतःची नाडी बघत बसायचं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी लगेच दाखवून दिलं की त्यांच्या एका दाव्याचा पुरावा तो दावा सिद्ध करत नाही. कंपनीने खटला भरला. मला वाटलं, संपलं, खोटारडे निघाले.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर केलं की उशाच्या त्या डब्यात खरोखर त्रुटी आहे. ऑगस्टमध्ये सुमारे ४,६५,००० पेसमेकरसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं. ते घरी बसून होत नाही, रुग्णाला दवाखान्यात यावं लागतं आणि त्या काही मिनिटांत यंत्र जुजबी पद्धतीवर चालतं.

त्यांनी जे केलं ते मला आजही अनीतीचं वाटतं. पण त्यांच्या अनीतीवरून 'यंत्र सुरक्षित आहे' असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, ते चूक होतं. यंत्राला काय माहीत कोणी किती पैसे कमावले.

अधिवक्ता_रेवती

कर्दळ, तुमच्या वकिलांनी जी कलमं घातली ती ४३ आणि ६६ असणार. कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणं एवढं पुरतं, हेतू कोणी विचारत नाही, नुकसानभरपाई मागता येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे हेतूचा प्रश्न कायद्याला येतो तो गुन्हा ठरवताना. फट आहे की नाही हे ठरवायला कायद्यालाही हेतू लागत नाही.

चांगल्या हेतूने त्रुटी दाखवणाऱ्याला आपल्या कायद्यात वेगळं संरक्षण नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये निदान धोरण म्हणून लिहून दिलं की सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरू नयेत.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रसंग मुंबईशी जोडलेला आहे. हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले ॲलेक्स हाल्डरमन आणि हॉलंडचे रॉप खॉन्ग्रेइप यांनी २०१० मध्ये खरं मतदान यंत्र उघडून तपासलं. निकाल दाखवणारा भाग बदलून त्या जागी हुबेहूब तसाच दिसणारा, मोबाइलवरून ऐकणारा भाग बसवून दाखवला. मतं साठवणाऱ्या चिपवर चिमट्यासारखं उपकरण लावून मतं बदलून दाखवली. निबंध लिहिला, व्हिडिओ केला, पद्धत उघड सांगितली. यंत्र आणलं कुठून हे मात्र सांगितलं नाही. ते मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातलं होतं. २१ ऑगस्ट २०१० ला मुंबई पोलिसांनी हरी प्रसाद यांना हैदराबादला घरातून अटक केली, आरोप चोरीचा. आठवड्याने जामीन झाला. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्यांचा गौरव केला आणि डिसेंबरमध्ये हाल्डरमन यांना दिल्ली विमानतळावरून परत पाठवण्याचा प्रयत्न झाला.

निवडणूक आयोगाचं म्हणणं होतं की यंत्र हातात पडल्याशिवाय हे जमत नाही, आणि सील, पहारा, याद्या यांच्यामुळे ते पडत नाही. या म्हणण्यात तथ्य होतं, संशोधकांनीही दुरून हॅक केल्याचा दावा केलेला नव्हता. पण एक यंत्र हातात पडलं होतं, हेही खरंच. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी पडताळणी आवश्यक मानली आणि २०१९ च्या लोकसभेला सगळीकडे व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र, लागलं. ते या तिघांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, त्यामागे पक्ष, याचिका, बरंच काही होतं.

वाळवंटातला_मराठी

मस्कतहून लिहितोय. रेवतीताई, मतदान यंत्र म्हटलं की इकडच्या मराठी मंडळाच्या गटावर आजही सय्यद शुजाचे व्हिडिओ येतात. तोही 'तज्ज्ञ'च म्हणवतो. मग त्याच्यात आणि हरी प्रसादांत फरक काय सांगायचा लोकांना?

अधिवक्ता_रेवती

फार मोलाचा प्रश्न. जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत शुजा पडद्यावर चेहरा झाकून आला आणि २०१४ ची निवडणूक हॅक झाली म्हणाला. यंत्र दाखवलं नाही, पद्धत सांगितली नाही, दुसऱ्या कोणाला तपासता येईल असं काहीही पुढे ठेवलं नाही. आयोगाने दिल्ली पोलिसांत तक्रार दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या विधानसभेनंतर पुन्हा त्याचा व्हिडिओ आला, तेव्हा मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

एकाच शहराच्या पोलिसांत दोघांवर गुन्हे. नुसतं तेवढं बघितलं तर दोघं सारखेच वाटतील. हरी प्रसादांचं काम मात्र यंत्र हातात असेल तर कोणीही पुन्हा करून बघू शकत होतं, चुकलं असेल तर चूक दाखवू शकत होतं. शुजाच्या बाबतीत करून बघायलाच काही नाही. तुमच्या गटावर एवढंच विचारा: यातलं काय आपण तपासू शकतो?

शेवटचा_बाक

मी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या गटात सात जण आहोत, आम्ही त्रुटी शोधतो. बाउंटी देणाऱ्या परदेशी कंपन्यांना सगळं व्यवस्थित कळवतो, उत्तरं येतात, कधी पैसे येतात. आपल्याकडच्या पतसंस्था, नगरपालिका, कॉलेजची पोर्टलं यांत जे दिसतं ते आम्ही कोणालाच कळवत नाही. कळवायचंच असेल तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, मेल टाकतो. सिनियरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथल्यांना थेट लिहायचं नाही, घरी नोटीस येते. हा धागा वाचून त्याने तसं का सांगितलं ते कळलं.

कर्दळ सर, तुमच्यावर राग नाही. पण तो मुलगा आता काय करतो हे तुम्हाला माहीत आहे का?

कर्दळ

नाही, माहीत नाही. दोन दिवस हा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचतोय.

पाटील, तुमचा संशय मला परका नाही, त्याच संशयाने मी तो मेल बाजूला टाकला होता. फरक इतकाच कळलाय की संशय आला तर आणखी बारकाईने तपासायला हवं होतं आणि मी तपासणंच सोडलं. वीस हजारवाल्याच्या बाबतीतही तेच. भीतीपोटी तपासलं नाही.

येत्या सोमवारी संचालक मंडळाची बैठक आहे. संकेतस्थळावर 'दोष आढळल्यास येथे कळवा' असं पान टाकावं, असा विषय मी मांडतोय. निशिगंधा, रेवतीताई, मजकूर कसा असावा?

निशिगंधा

पानासोबत साइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची फाइलही ठेवा. त्यासाठी २०२२ पासून ठरलेला नमुना आहे. शोधणारे आधी तिथेच बघतात. त्यात फक्त संपर्काचा मेल आणि ती माहिती कधीपर्यंत ग्राह्य आहे ती तारीख असली तरी पुरे. आणि तो मेल उघडायला दोन माणसं नेमा, एकट्यावर ठेवू नका.

अधिवक्ता_रेवती

मसुदा देते, बदला हवा तसा:

'आमच्या संकेतस्थळात किंवा ॲपमध्ये दोष आढळल्यास खालील पत्त्यावर कळवा. मराठी, हिंदी, इंग्रजी कोणतीही भाषा चालेल. दोष कसा दिसतो त्या पायऱ्या लिहा. दोष दाखवण्यापुरतेच पाहा, इतर खातेदारांची माहिती साठवू नका, कोणाला देऊ नका. कामकाजाच्या तीन दिवसांत पोच देऊ आणि दुरुस्ती झाल्यावर कळवू. रोख बक्षीस दिले जात नाही. वरील अटी पाळून कळवणाऱ्यावर बँक कायदेशीर कारवाई करणार नाही.'

शेवटच्या वाक्यावर तुमचे वकील अडतील. ते वाक्य काढू देऊ नका. ते नसेल तर शेवटचा_बाक आणि त्याचे सहा मित्र तुम्हाला लिहिणार नाहीत.

कर्दळ

मसुदा जसाच्या तसा विषयपत्रिकेला जोडलाय. ऑडिट अहवालाचं पहिलं पान आणि त्या मुलाचे तिन्ही मेल, तारखांसह, त्यामागे लावलेत.

त्याचा जुना मेल आयडी बंद आहे, आज पाठवून बघितलं. नोटिशीवरचा घरचा पत्ता फाइलमध्ये मिळाला. वडिलांच्या नावाने पत्र लिहिलंय, मराठीत, हाताने. उद्या स्पीड पोस्टने पाठवतोय.